पॅराशूटची दांडी

मालेगाव (जहांगीर) तालुक्यात पॅराशूटची दांडी बसवलेला माणूस एकच आहे आणि सध्या तो हे लिहितो आहे. जिल्ह्याबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. मंगरूळपीरकडचे लोक कधी काय बसवतील याचा भरवसा नसतो. पण तालुक्यापुरतं लिहून ठेवा.

पॅराशूट म्हटलं की माणूस वर बघतो. बघू नये. आमचं पॅराशूट आडवं उघडतं. ते मोटारीच्या मागे, एका पिशवीत घडी होऊन बसलेलं असतं. मोटार भन्नाट पळते, ठरलेली रेघ ओलांडते आणि मग तिला थांबवायचं काम ब्रेकच्या आवाक्याबाहेर गेलेलं असतं. अशा वेळी चालवणाऱ्याने हाताजवळची दांडी ओढायची. दांडीची तार मागे जाते, पिशवीचं तोंड सुटतं, पॅराशूट वाऱ्यात फुगतं आणि मोटारीला मागून धरून ठेवतं. एखाद्या बाईने बाजाराला निघालेल्या नवऱ्याचा सदरा मागून धरावा, तसं.

ही मोटार माझ्या नातीची, कृतिकाची. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने आणि तिची मैत्रीण रेणूने मिळून एक भंगारातली छोटी मोटार उचलली आणि आमच्या कापडदुकानाच्या मागच्या गोदामात तिची शर्यतीची मोटार केली. इंजिन कृतिकाचं, चालवणं रेणूचं. रेणू धनजची. बापाच्या ट्रॅक्टरवर हात बसलेला, त्यामुळे यंत्राला भिणं हा प्रकार तिच्याकडे नाही. शर्यत सरळ रेषेची. वळण नाही, सिग्नल नाही, मधे म्हैस नाही. म्हणजे आमच्याकडच्या मुलींनी अशा शर्यतीचं स्वप्न बघावं यात नवल नाही. असा रस्ता त्यांनी जन्मात पाहिलेला नाही.

शर्यतवाल्यांची अट एकच होती, पण कडक होती. पळत्या मोटारीमागे पॅराशूट उघडल्याचं चित्रण मुदतीत पाठवा, नाहीतर नाव कापलं.

पॅराशूट कुरिअरने आलं तेव्हा मी गोदामातच होतो. अख्खी हयात कापडात गेलेला माणूस मी. दुकान आता मुलगा जिनेश बघतो, पण नवीन ठाण आलं की माझी बोटं आपोआप पुढे होतात. मी कापड चिमटीत धरलं, ताणलं, उजेडाकडे धरलं, शिवण पाहिली, आणि शेवटी आमच्या धंद्यात करतात ते केलं, म्हणजे एक धागा ओढून त्याला काडी लावली.

"आबा!" कृतिकाने झडप घालून काडेपेटी हिसकावली. "काय करून राह्यले तुमी?"

"खरं नायलॉन आहे की नाही ते बघतो."

"अन् खरं निंघालं असतं तं?"

हा प्रश्न मला धंद्यात कुणी विचारला नव्हता. तिने पॅराशूट उचलून कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि लहान मुलाच्या हातात लाटणं देतात तशा आवाजात म्हणाली, "आबा, कापड मी पाह्यते. तुमी दांडी बसवा."

अशी मला दांडी मिळाली. पदावनती होती हे मला कळलं. पण जबाबदारी म्हणजे जबाबदारी.

दांडी बसवणं म्हणजे काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मी मोटारीत बसलो, हात पुढे केला, जिथे सहज पोचला तिथे खडूने खूण केली आणि दांडी पक्की करून घेतली. मग रेणू आली, बसली, तिने खांद्यावरून, कमरेवरून, मांड्यांमधून असे सगळे पट्टे आवळले आणि हात पुढे केला. तिची बोटं आणि दांडी यांच्यात वीतभर अंतर राहिलं.

"आबा, जरा पट्टे बांदून तं पाह्याचं," रेणू म्हणाली.

मी म्हणालो, "मला पट्ट्यांची सवय नाही."

"मले तरी कुटं हाय? आमच्या ट्रॅक्टरले दरवाजा बी नाई."

दांडी काढली, अलीकडे घेतली. मग तार. तार सैल राहिली तर दांडी पूर्ण ओढली तरी मागे पत्ता लागत नाही. दांडी नुसती मान हलवते, एखाद्या सज्जन कारकुनासारखी. आमची आधी तशीच होती. म्हणून मी ती ताणली. कृतिका म्हणाली, "आबा, लय ताणू नका." मी म्हणालो, "ढिलेपणा मला खपत नाही." तार अशी ताणली की बोटाने छेडली तर एकतारीसारखी वाजायची. मी ती वाजवूनही दाखवली.

त्याच दुपारी राजमतीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, मोटारीचं दार जरा जोरात लावलं. कारण मोटार बाहेर अंगणात होती आणि दार उघडं असल्याने तिच्या पापडांच्या खाटेवर सावली पडत होती. दार लागलं आणि मागची पिशवी फाटकन उघडली. पिशवीत मोठ्या पॅराशूटच्या आधी एक पिल्लू असतं, स्प्रिंगवर दाबून बसवलेलं. ते बेडकासारखं बाहेर उडालं आणि थेट मुगाच्या पापडांवर जाऊन बसलं. मागोमाग वाऱ्याने मोठं कापड बाहेर काढलं. खाट गेली, पापड गेले, आणि शेजारच्या ललिताबाईंच्या कुंपणापर्यंत आमच्या अंगणावर मांडव पडला.

मांडवाखालून राजमतीचा आवाज आला. "अवो! हे काय करून राह्यले?"

"काही नाही, उघडलं," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. उघडलं होतं.

"माह्यावर काहून उघडलं?"

या प्रश्नातून कृतिकाने सुरक्षा-पिन काढली. म्हणजे तशी पिन पॅराशूटसोबत आलीच होती, आम्ही ती डब्यात ठेवली होती. पिन पिशवीच्या तोंडाशी आडवी घालायची. ती आत असेल तोवर कुणी दांडी ओढो, दार आपटो, की पापड वाळत घालो, पिशवी उघडत नाही. पिनेला लांब लाल फीत असते, लोकांच्या नजरेत यावी म्हणून. मोटार सुटण्याच्या आधी एकाने मागे जाऊन फीत ओढायची, पिन निघते, मग फीत वर धरून चालवणाऱ्याला दाखवायची. फीत दिसली म्हणजे पिन निघाली. इतकं सोपं.

हे काम मी मागून घेतलं. दांडी माझी, तर पिनही माझीच. राजमतीने विरोध केला नाही. ती पापड मोजत होती.

आमचे शेजारी धनसिंग. एसटीतून निवृत्त झालेले चालक. त्यांच्या बायको ललिताबाई. पॅराशूट कुंपणाला अडकल्यापासून त्या दोघांना आमच्या मोटारीबद्दल बोलण्याचा हक्क मिळाला होता आणि तो ते रोज बजावत.

"खेमचंदभाऊ, मी घाटातून गाडी उतरवली, भरल्या सवाऱ्यांची," धनसिंग म्हणत. "मले कदी छत्री लागली नाई."

"तुमची गाडी तरी कुठे पळत होती?"

"तेच सांगून राह्यलो! जे पयतच नाई, त्याले थांबवाचं काय काम? हॉर्न बसवला का?"

"शर्यतीत हॉर्न नसतो."

"मंग लोक बाजूले होतीन कसे?"

ललिताबाईंचं मत निराळं होतं. दांडी, तार, पिन हे सगळं त्यांना वायफळ वाटे. "कायले एवढा खटाटोप? एक माणूस मांगं बसवा. रेणूनं हाक मारली का तो सोडीन."

मग धनसिंगांनी तोडगा काढला की मागे लाकडाचा ओंडका साखळदंडाने बांधावा, लागला की खाली टाकावा. मी हे कृतिकाला सांगितलं नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या त्यात तसं गैर काय आहे, याचा बराच विचार केला.

आता रस्ता पाहिजे होता. गावाबाहेरचा बायपास तयार होता. गुळगुळीत, सरळ, दोन्ही टोकांना मुरमाचे ढीग टाकून बंद केलेला. उद्घाटनाला ज्या मोठ्या साहेबांनी यायचं त्यांची तारीख मिळत नव्हती, म्हणून रस्ता नुसता पडून होता आणि लोक, त्यांत आमचे धनसिंगही, त्यावर शिजवलेली हळद वाळत घालत होते. माझ्या मते जिल्ह्यातला तो सर्वात उपयोगी रस्ता होता.

परवानगीसाठी मी एका कार्यालयात अर्ज दिला. कोणत्या ते सांगत नाही, तिथे मला अजून जायचं आहे. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला आणि ते 'पॅराशूट' या शब्दावर थांबले.

"किती उंचीवरून उडी घेणार?"

"उडी नाही. मोटार आहे."

"मोटारीतून उडी?"

"नाही हो. मोटार पळते, पॅराशूट मागे उघडतं."

त्यांनी समजुतीने मान हलवली. "बराबर. पण जिथं उतराल तिथला सातबारा कोनाच्या नावावर हाय? उद्या तो शेतकरी आमच्याकडे येईन ना."

मी म्हणालो, आम्ही वर जातच नाही, तर उतरण्याचा प्रश्न येत नाही. ते म्हणाले, तसं लेखी द्या. मी लेखी दिलं की आम्ही वर जाणार नाही. ते वाचून शेजारच्या टेबलाने शंका काढली, की हे लोक वर जाणार नाहीत तर मग परवानगी कशाची मागतात? अर्ज आत गेला. आत म्हणजे कुठे, हे त्या इमारतीत कुणालाच नक्की माहीत नव्हतं. मी रोज जायचो, आणि दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस असल्याने वेळेवर परत यायचो. माझ्या धर्माने माझी एवढी सोय केली नसती तर मी अजून तिथेच असतो.

मुदत जवळ आली. शेवटी धनसिंगच म्हणाले, "नवीनभाऊले भेटा."

नवीनभाऊ हे आमच्याकडचे एका पक्षाचे तालुकानेते. आधी दुसऱ्या पक्षाचे होते. माणूस तोच आहे. त्यांनी ऐकून घेतलं, फोन फिरवला आणि चहा यायच्या आत रस्ता आमचा झाला.

"काकाजी, काम झालं समजा. फक्त एक करू. मी येतो, छोटासा कार्यक्रम घेऊ. रस्त्याचं उद्घाटन तं आपल्याले करता येत नाही, ते वरच्यांचं हाय. पण मोटारीचं कराले कोन रोखते?"

मी कृतिकाला सांगितलं. ती म्हणाली, "आबा, चाचणी हाय ती. चाचणीचं काय उद्घाटन?" मी म्हणालो, बेटा, आपल्याकडे सार्वजनिक मुतारीचंही होतं, निदान तुझी मोटार तरी पळते.

चाचणीच्या सकाळी रेणूची आई आली. सोनीबाई. धनजहून कारंज्याला, तिथून बसने मालेगावला, असा प्रवास करून, काठीसारखी सरळ. पोरगी मोटार चालवते एवढं तिला माहीत होतं. मोटारीला मागे पॅराशूट का लागतं, ते तिला आदल्या दिवशी कळलं होतं. ती मोटारीभोवती एक फेरी मारून आली. इंजिनाकडे तिने पाहिलंही नाही. थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"शेटजी, पयते तं पयू द्या. थांबते कशी?"

मी तिला दांडी दाखवली. तार दाखवली, कुठून कशी जाते ते. पिशवी दाखवली, पिन दाखवली. सगळं आयुष्य मी बायांना लुगडी दाखवली, पण इतक्या बारकाईने एकाही गिऱ्हाइकाने माल पाहिला नव्हता.

"हे तुमी बांदलं?"

"मी."

"उघडीन ना?"

"सोनीबाई, ही माझी जबाबदारी."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "मंग जाऊ देतो तिले. तुमच्या शबुदावर जाऊ देतो." आणि रस्त्याच्या कडेला, धनसिंगांनी त्या दिवसापुरती टोकाला ढीग करून ठेवलेल्या हळदीकडे तोंड करून, ती सावली नसलेल्या जागी बसून राहिली.

कार्यक्रम सुरू झाला. रेणू मोटारीत पट्टे आवळून तयार. कृतिका कॅमेरा घेऊन पार पुढे, जिथे पॅराशूट उघडायचं तिथे. मी मागे, माझ्या पिनेपाशी. नवीनभाऊ आले, फोटोवाला आला, माणसं आली, आणि नवीनभाऊंनी विचारलं, "फीत कुटं हाय?"

फीत बांधायची राहिली होती. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रस्त्यावर दोन खांबही नव्हते. एवढ्यात भाऊंची नजर मोटारीच्या मागे गेली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे तं बांदलेलीच हाय!"

मी "अहो भाऊ" म्हणेपर्यंत एका कार्यकर्त्याने माझ्या अंगावर शाल टाकली. दुसऱ्याने हातात नारळ दिला. असं झालं की माणसाचं लक्ष स्वतःकडे जातं. नेत्यांच्या गाडीत स्टेपनी नसेल एक वेळ, पण कात्री असते. भाऊंनी कात्री घेतली आणि सरावाच्या हाताने फीत अगदी मुळाशी कापली. टाळ्या झाल्या. कापलेली फीत त्यांनी माझ्या मुठीत दिली. "काकाजी, आठवण म्हून ठेवा." फोटो निघाला. मी त्यात चांगला आलो आहे.

मग इंजिन सुरू झालं आणि बाकी सगळं ऐकू येईनासं झालं. लोक मागे पळाले. रेणूने शिरस्त्राणातून आरशात माझ्याकडे पाहिलं. ठरल्याप्रमाणे. आणि मी, अंगावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात लाल फीत, तो हात अभिमानाने उंच केला.

तिने अंगठा दाखवला. मोटार सुटली.

ती कशी सुटली ते मी सांगू शकत नाही, कारण दिसायच्या आत ती गेली होती. आवाज मागे राहिला. रेघ आली, गेली. मी पिशवीकडे डोळे लावले होते. आता उघडेल. आता. पिशवी शांत. रेणू दांडी ओढत होती, हे एवढ्या लांबून कळत नव्हतं, पण मला कळत होतं. माझाच हात ओढत होता. चाकांतून धूर निघाला, मोटार शेपूट हलवायला लागली, रस्ता संपत आला, पुढे मुरमाचा ढीग. त्याच्या अलीकडे हळद.

मोटार हळदीत शिरली. वाळक्या हळकुंडांचा तो ढीग चाकांखाली सरकत, दबत, उडत गेला, आणि त्याने मोटारीला असं धरलं की ती अर्धी आत जाऊन थांबली. पिवळा ढग उठला.

इतका वेळ बसलेली सोनीबाई तेव्हा पळत निघालेली मी पाहिली. त्या वयाची बाई इतकी पळते, हे मला माहीत नव्हतं. मीही पळालो, शाल पायात येत होती. आम्ही पोचलो तेव्हा रेणू दार उघडून बाहेर उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत पिवळीधमक, शिंकत.

ललिताबाई मागून धापा टाकत आल्या आणि म्हणाल्या, "बापा! पोरीले हळद लागली!"

कुणी हसलं नाही. म्हणजे धनसिंग हसले, पण त्यांची हळद होती.

नवीनभाऊ मोटारीपर्यंत आलेच नाहीत. फोटोवाल्याला एवढंच म्हणाले, "अगोदरचे फोटो टाक," आणि दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले.

जमलेल्यांत लगेच निदान सुरू झालं. तार सैल असेल. दांडी कच्ची असेल. एक जण, ज्याला मी लग्नाचा बस्ता अगदी घरच्यासारखा बांधून दिला होता, तो म्हणाला, "कापडवाल्यानं कापड विकावं." मी ऐकलं. आणि मला ते पटलंही. मला वाटलं, ही दांडी काढावी, गोदामात टाकावी आणि उरलेलं आयुष्य दुकानाच्या ओट्यावर गप्प बसून काढावं.

कृतिका पळत आली. आधी रेणूला चाचपून पाहिलं. मग ती मोटारीच्या मागे वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली.

"आबा."

"काय?"

"पिन आतच हाय."

मी माझ्या मुठीकडे पाहिलं. फीत होती. फीत अजून मी घट्ट धरून ठेवली होती.

फीत दिसली म्हणजे पिन निघाली, हा नियम. फीत दाखवली होती मी. कापलेली. उद्घाटन झालेली. पिन तिच्या जागी निवांत बसली होती आणि मी शाल पांघरून तिची फीत जगाला दाखवत होतो.

सोनीबाईला सांगायला हवं होतं. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मी सांगितलं, सगळं, शालीसकट. ती ऐकत होती. मग म्हणाली, "शेटजी, तुमी फीत दाखवली. पिन नाई दाखवली."

"हो."

"अन् हिनं फीतच पाह्यली," ती रेणूकडे वळून म्हणाली. "तुले डोये नाई का?"

रेणू शिंकली. "आई, आबाची दांडी लय भारी हाय." मला वाटलं, ती माझी समजूत घालते आहे. पण ती वैतागून सांगत होती. "मी वडली ना, तवा ती पुरी आली अन् मांगं जाऊन कशावर तरी टक् करून थांबली. तार ढिली असती तं हाताले समजलं असतं. मले तवाच समजलं, हे पिनेवर जाऊन अडकलं. मंग मी ब्रेक मारला, अन् धनसिंगबाबाच्या हळदीत घातली. मुरमात कायले घालू?"

एवढं सगळं तिला त्या वेगात समजलं होतं. मला थांबलेल्या मोटारीपाशी शाल पांघरून समजलं नव्हतं.

"पुना जातो," रेणू म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "आज नाही. माझी चूक झाली आहे. नाव कापलं गेलं तर जाऊ दे."

मुदत त्या दिवशी संपत होती, आणि ते कृतिकाच्या चेहऱ्यावर होतं. पण तीही "जा" म्हणाली नाही. सगळे सोनीबाईकडे बघायला लागले. सोनीबाईने पोरीच्या गालावरची हळद पदराने पुसली, एकाच गालावरची, आणि विचारलं, "भेव वाटून राह्यलं का?"

"थोडंसं."

"थोडंसं पाह्यजेच." मग माझ्याकडे वळली. "पिन मी काढतो."

मोटार हळदीतून ढकलत बाहेर काढली. धनसिंगांनी सगळ्यात जास्त जोर लावला आणि सगळ्यात जास्त सूचना केल्या. कृतिकाने चाकं, पट्टे, तार, पिशवी सगळं तपासलं, एकेक करून, मोठ्याने नाव घेत. दांडीपाशी आली तेव्हा तिने ती मला तपासायला सांगितली. मी शाल काढून ललिताबाईंकडे दिली. दांडी हाताने पुढे-मागे केली, तिची तार मागे सरकून पिनेवर टक् करून थांबते ते ऐकलं. रेणूला विचारलं, "असंच वाजलं होतं?" ती म्हणाली, "असंच."

सोनीबाई मागे उभी राहिली. पिन इवलीशी, फीत मुळाशी कापलेली, धरायला काही नाही. तिने ती नखाने, गोचीड खेचावी तशी, खेचून काढली. आणि मग सरळ मोटारीच्या समोर गेली, रेणूच्या डोळ्यासमोर काचेवर ती पिन धरली, आणि रेणू तोंडाने "पाह्यली, पाह्यली" म्हणेपर्यंत धरून ठेवली.

या वेळी टाळ्या नव्हत्या. मोटार सुटली. रेघ गेली. मी श्वास घेतला नव्हता, पण हात मात्र नारळाविना होते, ही मोठी सोय.

धप्प.

आधी ते पिल्लू उडालं, आणि त्याच्यामागे ते सगळं कापड, केशरी, सणसणत बाहेर आलं, भरलं, आणि मोटारीच्या मागे हवेत एक मोठा गोल उभा राहिला. हळदीच्या धुळीने त्याच्या कडेला पिवळी झाक आली होती. पळणाऱ्या मोटारीने मान खाली घातली आणि ती हळू झाली, आणखी हळू झाली, आणि हळदीच्या बरीच अलीकडे, मुरमाच्या त्याहून अलीकडे, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

धनसिंग ओरडले. मी ओरडलो की नाही, मला सांगता येत नाही. राजमती म्हणते ओरडलो. ती घरी होती, पण तिने ऐकलं म्हणते. चष्मा पुसावा लागला, एवढं खरं. हळदीची धूळ फार बारीक असते.

कृतिकाने चित्रण, सोबत दांडीचे आणि तारेचे फोटो, तिथेच, रस्त्यावर बसून, मोबाइलवरून पाठवले. शर्यतवाल्यांचं उत्तर लगेच आलं. नाव पक्कं. खाली आणखी एक ओळ होती. त्यांनी विचारलं होतं, की दांडी कुणाकडून बसवून घेतली, जागा आणि तार दोन्ही उत्तम आहेत. कृतिकाने ती ओळ मला वाचून दाखवली आणि मग आजूबाजूच्या सगळ्यांना वाचून दाखवली. बस्तावाला तिथेच होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरज उरली नव्हती.

सोनीबाई तोवर मोटारीपर्यंत चालत पोचली होती. रेणूला तिने पट्ट्यांतून सोडवलं, बाहेर काढलं, उन्हात उभी करून पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग पदर खोचला, वाकली आणि स्वतः आत जाऊन बसली. खांदे मागे टेकले, दोन्ही हात चाकावर ठेवले, रस्ता पाहिला.

मी दाराशी उभा होतो. मला वाटलं, आता ती दांडीबद्दल चार शब्द बोलेल.

"शेटजी," ती म्हणाली, "थांबते कशी ते पाह्यलं. आता सुरू कशी होते, ते सांगा."

मी तोंड उघडलं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की एवढे दिवस मी त्या मोटारीत उठलो-बसलो, तिच्या पोटात शिरलो, तिच्या प्रत्येक तारेला हात लावला, पण ती सुरू कशी करतात हे मला माहीत नाही. विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "सोनीबाई, ते खातं माझ्याकडे नाही."